शस्त्रक्रियेनंतरची पेज

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगणारे बहुतेक ग्रंथ शस्त्राचा इतिहास सांगतात. कोणत्या सालीं कोणीं प्रथम भूल दिली, कोणीं पोट उघडलें, जंतुनाशक द्रव्यें केव्हां वापरांत आलीं, हें सर्व त्यांत सविस्तर असतें. शस्त्रवैद्यानें जखम शिवून हात धुतले कीं तेथें प्रकरण संपतें. रोग्याचें प्रकरण मात्र तेथूनच सुरू होतें. तो शुद्धीवर येतो, त्याचा घसा कोरडा पडलेला असतो, पोटांत कालवत असतें, आणि घरचीं माणसें एकच प्रश्न विचारीत असतात : "आतां खायला काय द्यायचें?" या प्रश्नास मुंबई शहरानें गेल्या पावणेदोनशे वर्षांत जीं उत्तरें दिलीं, तीं पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. मऊ अन्न कोणतें, याविषयीं या शहरांत फारसा मतभेद कधींच नव्हता. तें कोणीं शिजवावयाचें आणि कोणीं जवळ बसून भरवावयाचें, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागला.

मऊ अन्नाचें शास्त्र आपल्याकडे जुनें आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकोणिसावा अध्याय जखमी मनुष्याची शुश्रूषा कशी करावी या विषयालाच वाहिलेला आहे. जुन्या साळीचा भात, तोही ऊन, पातळसर, थोडा आणि तुपानें स्निग्ध केलेला, मुगाचें कढण, पडवळ, डाळिंब आणि आवळा, मांसाहारी असल्यास जांगल पशूंचें हलकें मांस, असा आहार तेथें सांगितला आहे. नवें धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट, तिखट आणि पिठाचे जड पदार्थ वर्ज्य ठरविले आहेत. याच अध्यायांत रोग्याजवळ त्याच्या स्नेह्यांनीं बसावें व गोड गोष्टी सांगून त्याचें दुःख हलकें करावें, असेंही म्हटलें आहे. म्हणजे अन्न आणि माणूस या दोहोंचा विचार सुश्रुतानें एकाच ठिकाणीं केला आहे.

चरकानें वमन-विरेचनानंतर रिकाम्या झालेल्या कोठ्यासाठीं जो संसर्जनक्रम सांगितला, तोही याच जातीचा आहे. प्रथम पेया, मग विलेपी, मग साधें कढण, नंतर फोडणी व मसाला दिलेलें कढण, आणि अखेरीस मांसरस, अशा पायऱ्या त्यांत आहेत. शार्ङ्गधरानें तर पाण्याचें मापही दिलें आहे : मंडास तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूस सहापट, विलेपीस चौपट. पातळाकडून घट्टाकडे, निवळाकडून शिताकडे आणि शिताकडून घांसाकडे, हा त्या क्रमाचा सारांश होय. आजच्या रुग्णालयांतील आहारतज्ज्ञ प्रथम पाण्यासारखे पदार्थ, मग दाट पातळ पदार्थ, मग मऊ अन्न आणि शेवटीं नेहमींचें जेवण असा जो तक्ता हातीं देतात, तो या क्रमाहून फारसा निराळा नाहीं.

इ. स. १८४५ सालीं मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें जे. जे. रुग्णालय आणि त्याच्या शेजारीं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. त्या वेळीं भूल देण्याची विद्या जगांत कोठेंच रूढ नव्हती. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १८४६ मध्यें, अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं मॉर्टन यानें ईथरचा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखविला. १८४७ सालीं एडिंबरो येथें सिम्प्सन यानें क्लोरोफॉर्म वापरांत आणलें. १८६७ सालीं लिस्टर यानें जंतुनाशक उपचाराची पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर हळूंहळूं पोटांतील इंद्रियांवर शस्त्र चालविण्याचें धैर्य वैद्यांस आलें. तोंवर मोठी शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा हात-पाय तोडणें, गळूं फोडणें किंवा मूतखडा काढणें. आतां आंतडींच उघडीं पडूं लागलीं, आणि आहाराचा प्रश्न निराळ्या स्वरूपांत पुढें आला.

भुलीनें रोग्यास मळमळ होई, वांत्या होत. शिवाय पोटास हात लागला कीं आंतड्यांची हालचाल कांहीं काळ थांबते. लहान आंतडें कांहीं तासांतच पुन्हां चालूं लागतें, जठरास एक-दोन दिवस लागतात, आणि मोठें आंतडें मार्गावर येण्यास तीनेक दिवस जातात. जुन्या शस्त्रवैद्यांनीं यावरून सरळ निष्कर्ष काढला कीं, वायु सरेपर्यंत रोग्याच्या तोंडांत कांहीं घालूंच नये. मग हळूंहळूं पाणी, मग कांजी, मग दूध. पाश्चात्य देशांत या पायरीवर गोमांसाच्या अर्काचें पेय देत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकांत या पेयाच्या पौष्टिकपणाविषयींच्या भाबड्या समजुतीचा समाचार घेतला आहे. त्यांचें मुख्य म्हणणें मात्र याहून महत्त्वाचें होतें. अन्न समोर असूनही सहस्रावधि रोगी उपाशी राहतात, कारण कोणत्या वेळीं, किती आणि कशा रीतीनें दिलें असतां त्याच्या घशाखालीं उतरेल याकडे कोणाचें लक्ष नसतें, असें त्यांनीं बजावलें होतें.

मुंबईच्या हिंदु घरांत तें पेय चालणें शक्यच नव्हतें, आणि त्याची गरजही नव्हती. गिरगांवांतील चाळींत पेज होती. कोंकणांतून आलेल्या कुटुंबांनीं ती आपल्याबरोबर आणली होती. उकडे तांदूळ धुवून, भरपूर पाणी घालून, मंद आंचेवर शीत फुटेपर्यंत शिजवावयाचे, आणि वर चवीपुरतें मीठ. पहिल्या दिवशीं वरची निवळ. दुसऱ्या दिवशीं तींत बोटांनीं मोडतील अशीं चार शितें. मग गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट आणि तूप. मग मुगाची पातळ खिचडी. त्यानंतर दुधांत कुस्करलेला फुलका. साबुदाण्याची कांजी, आरारूट, साळीच्या लाह्यांचें पाणी, नाचणीच्या सत्त्वाची लापशी, शिंगाड्याची खीर, हीं या घरचीं दुसरीं साधनें. मासे खाणाऱ्या घरांतून मुडदुशासारख्या हलक्या माशाचें बिनतिखट सार देत. गिरगांवांतल्याच खोताच्या वाडींत ख्रिस्ती कुटुंबें राहत. मुंबईंत आलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसाच्या घरींही पेज होतीच. देवघरें निराळीं, परंतु आजाऱ्याची वाटी बहुतेक एकच.

'कांजी' हा शब्द मूळचा तामीळ. इंग्रजांनीं तो उचलून आपल्या लष्करांत नेला. तेथें पलटणीच्या कोठडीस 'कांजी-हाउस' हें नांव पडलें, कारण कोठडींतल्या शिपायास कांजीवर ठेवीत अशी प्रसिद्धि होती. एका घरांत जी मायेची वाटी, तीच दुसऱ्या ठिकाणीं शिक्षा ठरावी, यावरून एवढें दिसतें कीं पेजेचा गुण नुसता तांदळांत नसतो. ती कोणाच्या हातून आणि कोणत्या भावनेनें येते यावरही तो अवलंबून असतो.

रुग्णालयांतील अन्नाविषयीं मुंबईकरांच्या मनांत जी भीति होती, तिचें मूळ येथेंच शोधिलें पाहिजे. भटारखान्यांत कोण शिजवितो, पाण्याला कोणाचा हात लागला, हा विचार त्या काळीं जातिनिर्बंधामुळें फार प्रबळ होता. त्या निर्बंधानें माणसामाणसांत जो दुरावा निर्माण केला, त्याचें समर्थन कोणीही करणार नाहीं. तथापि परक्या ठिकाणीं, परक्या हातून, घरच्या माणसांच्या दृष्टीआड आपणांस काय खाऊं घालतील, या शंकेंत केवळ सोवळेंच नव्हतें; निराधारपणाची भीतिही होती. १८९६ सालीं प्लेग आला आणि रोग्यांस बळानें रुग्णालयांत नेण्यास प्रारंभ झाला, तेव्हां ही भीति उफाळून आली. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत सुमारें हजारभर गिरणी-कामगारांनीं आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पुढें निरनिराळ्या जातींस व समाजांस स्वतःचीं रुग्णालयें काढण्याची परवानगी मिळाली, आणि आपल्या माणसाच्या हातचें अन्न मिळतें असें दिसल्यावर लोकांचा विरोध बराचसा निवळला. सरकारनें औषध बदललें नव्हतें. खाऊं घालणारा हात तेवढा बदलला होता.

या सुमारास शुश्रूषा ही शिकण्याची विद्या आहे, हा विचारही आपल्या समाजांत रुजूं लागला. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यास सेवासदन स्थापन झालें, आणि त्या संस्थेनें ससून रुग्णालयांत स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देण्याची सोय केली. घरंदाज स्त्रीनें परक्या रोग्यास हात लावावा, त्याला उठवून बसवावें, चमच्यानें भरवावें, ही गोष्ट तेव्हां सोपी नव्हती. आज रुग्णालयांत परिचारिका वाटी हातांत घेऊन येते तेव्हां कोणास नवल वाटत नाहीं. त्यामागें त्या पहिल्या विद्यार्थिनींचें धैर्य आहे.

शस्त्रक्रिया आणि आहार यांचा संबंध मुंबईंत सर्वांत गाजला तो १९१९ सालीं. खेडा जिल्ह्यांतील दगदगीनंतर १९१८ सालीं महात्मा गांधींना आमांशानें घेरलें होतें. आंतल्या भेगांमुळें शौचाच्या वेळीं इतक्या वेदना होत कीं, खाण्याच्या कल्पनेनेंच त्यांना धडकी भरे. मुंबईंत शंकरलाल बँकर यांच्या आग्रहानें डॉक्टर दलाल यांना बोलावण्यांत आलें. दूध घेतल्यावांचून शरीर पुन्हां उभें करणें आपल्या हातीं नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें. गांधीजींनीं तर १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडण्याचें व्रत घेतलें होतें. गाई-म्हशींचें दूध काढतांना होणारे क्रूर प्रकार हें त्या व्रताचें एक कारण होतें. उशाशीं उभ्या असलेल्या कस्तुरबा हें सर्व ऐकत होत्या. मग शेळीच्या दुधास काय हरकत आहे, असें त्या म्हणाल्या. डॉक्टरांनीं तोच धागा पकडला आणि गांधीजींनीं मान्य केलें. व्रताचें अक्षर राहिलें, आत्मा राहिला नाहीं, अशी रुखरुख त्यांना पुढें कायम वाटत राहिली, आणि ती त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. जानेवारी १९१९ मध्यें डॉक्टर दलाल यांनीं शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजीं जो सत्याग्रहाचा दिवस पाळला गेला, त्या दिवशीं गिरगांवच्या चौपाटीवर हजारों लोक जमले, आणि गांधीजी तेथें होते.

या प्रसंगांत डॉक्टरांचें कौशल्य निर्विवाद आहे. परंतु रोग्यास जें घेतां येईल असें अन्न सुचविलें तें कस्तुरबांनीं. रोग्याचें मन, त्याचें व्रत, त्याची भीति आणि त्याची भूक हीं चारही ज्याला ठाऊक असतात, त्यालाच योग्य वाटी सुचते. घरच्या माणसाचें मोल तें हेंच.

पण ज्याचें घरच मुंबईंत नाहीं त्यानें काय करावें? गिरगांवांतून परळ-लालबागेकडे वळलें कीं हा प्रश्न उभा राहतो. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढें रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारों पुरुष गिरणगांवांत आले. बायकामुलें गांवीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरांतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. एकेका खोलींत अनेक जण राहत. कोणी दिवसपाळीचा, कोणी रातपाळीचा, पथारी एक आणि निजणारे दोन. जेवण खानावळींत. खानावळ चालविणाऱ्या बाईस पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या आणि कालवण वेळेवर उरकावयाचें असे. त्यांत एकट्या आजाऱ्याची पेज तिनें केव्हां आणि कोणत्या चुलीवर शिजवावी?

तरीही पुष्कळ ठिकाणीं ती शिजली. गांवकीच्या खोलींतील रातपाळीचा सोबती सकाळीं परत आल्यावर निजण्यापूर्वीं स्टोव्ह पेटवून मूठभर तांदूळ शिजत टाकी. खानावळवाली भाताची निवळ बाजूला काढून मीठ घालून पाठवी. अशा उपकारांची नोंद कोणत्याही दप्तरांत नाहीं. ज्याला हें मिळालें नाहीं, तो टांके निघतांच आगबोटीनें किंवा गाडीनें गांवची वाट धरी. गिरणी-कामगाराचें खरें विश्रांतिगृह म्हणजे त्याचें गांव. मात्र गांवीं गेल्यास पगार बुडे, आणि बदली कामगार असल्यास कामही जाई. म्हणून कित्येक जण जखम पुरती भरण्यापूर्वींच साच्यावर उभे राहत व पहिल्याच दिवसापासून भाकरी-चटणी खात. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. आजारीपणांत उपचार आणि कांहीं वेतन या दोहोंची तरतूद त्यानें केली. पथ्य पाळावयाचें तर नुसता तांदूळ पुरत नाहीं, सवडही लागते, हें त्या कायद्यानें मान्य केलें. पुढें १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं याच गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. ज्यांनीं आयुष्यभर दुसऱ्यांस खाऊं घातलें, त्यांची दखल घेण्यास शहरास इतकीं वर्षें लागलीं.

परळला १९२६ सालीं के. ई. एम. रुग्णालय सुरू झालें. त्याला जोडलेलें शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हिंदी अध्यापकांच्याच हातीं असावें, अशी देणगीची अट होती. गिरणगांवाच्या अगदीं मध्यावर महापालिकेचें एवढें मोठें रुग्णालय उभें राहिल्यामुळें कामगाराला शस्त्रक्रिया दाराशीं आली. त्याच परळांत २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालयाचें उद्घाटन झालें. कर्करोगाच्या या रुग्णालयानें मऊ अन्नाच्या प्रश्नास आणखी एक कठीण बाजू दाखविली. तंबाखूच्या व्यसनामुळें आपल्या देशांत तोंडाचा कर्करोग फार. जीभ, गाल किंवा जबडा यांवर शस्त्रक्रिया झाली म्हणजे चावणें बंद होतें. कित्येकांना नाकावाटे जठरापर्यंत नळी घालून, गाळून घेतलेलें अन्न त्या वाटेनें द्यावें लागतें, आणि पुढें गिळण्याची क्रिया नव्यानें शिकावी लागते. इतरांचें मऊ अन्न चार-आठ दिवसांचें. यांचें कित्येक आठवड्यांचें, कधीं महिन्यांचें.

हे रोगी बिहार, बंगाल, विदर्भ, मराठवाडा अशा दूरदूरच्या भागांतून येतात. बरोबर एखादा भाऊ किंवा बायको. रुग्णालयांतून घरीं सोडलें तरी घर हजार मैलांवर. पुढची तपासणी आठ दिवसांनीं. मग पदपथावर बिऱ्हाड पडतें. पदपथावर मुगाचें कढण गाळावयाचें कसें? संत गाडगे महाराजांनीं आयुष्यभर देवळें न बांधतां धर्मशाळा बांधण्यावर भर दिला, आणि त्यांत रुग्णालयांजवळच्या धर्मशाळाही होत्या, याचें मर्म येथें कळतें. महाराज १९५६ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवानें दादरला उभी असलेली धर्मशाळा टाटा रुग्णालयांत येणाऱ्या रोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही आसरा देते. छप्पर, पाणी आणि वेळेवर मिळणारें अन्न यांच्याशिवाय कुशल शस्त्रवैद्याचें कामही अर्धवट राहतें.

दरम्यान शास्त्रानेंही आपलें मत तपासून पाहिलें. १९४६ सालीं न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनीं भुलेंत असतांना जठरांतील द्रव फुप्फुसांत गेल्यास काय अनर्थ होतो हें दाखविलें, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं मध्यरात्रीपासून कडक उपास हा सर्वत्र नियम झाला. शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घ उपास तर पूर्वींपासून होताच. १९९० नंतरच्या दशकांत डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांनीं या दुसऱ्या उपासाच्या मुळाशीं हात घातला. आंतड्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांनाही लवकर उठविलें व लवकर खाऊं घातलें तर ते लवकर बरे होतात, असें त्यांच्या पद्धतीनें दिसून आलें. आज अनेक शस्त्रक्रियांनंतर पहिल्याच दिवशीं पातळ आणि मऊ पदार्थ देतात. अर्थात् कोणत्या रोग्यास केव्हां काय द्यावें हें त्याच्या शस्त्रवैद्यानेंच ठरवावयाचें; वायु सरण्यापूर्वीं मायेपोटीं चोरून भरविलेला घांस अपाय करूं शकतो.

पेजेंतील मिठासही शास्त्राचा आधार मिळाला. साखर आणि मीठ हीं आंतड्यांत एकमेकांच्या साह्यानें शोषलीं जातात, हें रॉबर्ट क्रेन यांनीं १९६० सालीं मांडलें. तांदळाच्या पिठूळ द्रव्याचीही पोटांत साखरच होते. अतिसारावर देतात तें मीठ-साखरेचें पाणी याच तत्त्वावर आधारलेलें आहे, आणि तांदळाच्या पिठाचें तसें पाणीही पुढें उपयोगी ठरलें. मात्र पेजेची मर्यादाही ओळखली पाहिजे. जखम भरून येते ती प्रथिनांनीं, आणि नुसत्या पेजेंत तीं फार थोडीं. कित्येक घरांतून आठ-आठ दिवस निवळीवर ठेवून रोग्यास अधिकच क्षीण करीत. पेज ही पहिली पायरी आहे. तिच्यावर वरण, कढण, दूध, दहीं, चालत असल्यास मऊ अंडें किंवा मासा, अशा पुढच्या पायऱ्या लवकर चढल्या पाहिजेत. जुना संसर्जनक्रम हेंच सांगत होता. लोकांनीं त्यांतली पहिली पायरी तेवढी लक्षांत ठेवली.

आज गिरण्या बंद पडल्या आहेत. गिरगांवांतील पुष्कळ चाळींच्या जागीं उंच इमारती आल्या आहेत. घरांत दोघेंही नोकरीस जातात, मुलें परदेशीं असतात, आणि शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशीं घरीं परतलेले आजी-आजोबा दुपारभर एकटे असतात. रुग्णालयानें दिलेला आहाराचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, तयार सत्त्वांचे डबे फडताळांत असतात. शंभर वर्षांपूर्वीं जो प्रश्न लालबागच्या खोलींतल्या एकट्या कामगारापुढें होता, तोच आतां सुखवस्तु घराच्या दारांत येऊन उभा आहे. त्या कामगाराचा प्रश्न शेजारच्या पथारीवरच्या माणसानें सोडविला होता. शेजारीं कोणी शस्त्रक्रिया होऊन आलें आहे असें कळल्यावर फुलांचा गुच्छ नेण्याऐवजीं डब्यांतून गुरगुट्या भात नेला, आणि तो संपेपर्यंत तेथें बसून चार गोष्टी केल्या, तर सुश्रुताच्या त्या अध्यायाचें दोन्ही अंगांनीं पालन होईल.